ड्रायव्हरच्या झाकणावरचा डाग

“हा डाग काढा,” खासनीस म्हणाले.

भिंगावरून त्यांनी मान वरसुद्धा केली नव्हती. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पेनाएवढी बॅटरी आणि समोर टेबलावर आमचा रणगाडा. वीतभर लांबीचा, दोन महिने माझ्या आणि अण्णांच्या हाताखालून गेलेला.

“कुठला डाग?” मी विचारलं. कुठला ते मला चांगलं ठाऊक होतं.

“हा. ड्रायव्हरच्या झाकणावरचा लाल. ताई, खरं सांगतो, बाकीचं काम इतकं सुरेख आहे की मी अशा स्पर्धांमधून असं क्वचित पाहिलंय. एवढी एक गोष्ट चुकलीय.”

“चुकलीय म्हणजे?”

“वरचा हिरवा रंग खरवडला जाऊन खालचा लाल प्रायमर दिसतोय, असं तुम्हाला दाखवायचंय. बरोबर? पण या गाडीला लाल प्रायमर नव्हताच. माझ्याकडे पुस्तक आहे. बरं, खरवडलेला रंग असा दिसतही नाही. त्याला कडा असतात. हे तर कुणीतरी बोट पुसल्यासारखं वाटतंय.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “तीनला निकाल आहे. तोवर दुरुस्तीला परवानगी असते. काढून टाका, पहिला नंबर तुमचा.”

तो डाग कशाचा आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. आमच्या नगरात माजी सैनिकांनी वर्गणी काढून एक भवन बांधलं होतं. त्याच्या दर्शनी भागात काचेचं कपाट होतं आणि त्यात एक रणगाडा ठेवायचा असं ठरलं. नगरच्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी रणगाड्यावर नोकरी केलेली, तेव्हा ते साहजिकच होतं. पुण्याच्या एका हौशी मंडळाला बोलावून त्यांनी मॉडेलची स्पर्धा ठेवली. पहिलं येईल ते मॉडेल कपाटात आणि त्याच्याखाली पितळी पट्टीवर त्या रणगाड्यावरच्या चार जणांची नावं.

आज त्या भवनात गेलात तर कपाटात आपल्या फौजेत कधीच नसलेला एक परदेशी रणगाडा दिसेल. नखशिखान्त गंजलेला, जणू समुद्राच्या तळातून उपसून काढलाय. पितळी पट्टी कोरी आहे. आमचा रणगाडा तिथं नाही. का नाही, ते सांगताना मला आजही संताप आवरत नाही, आणि तो सगळाच खासनिसांवरचा नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे, दफेदार भागुजी ठोंबरे. एकाहत्तरच्या लढाईत ते सेंच्युरियन रणगाड्याचे ड्रायव्हर होते, पुढच्या झाकणाखाली बसून गाडी हाकणारे. काचबिंदूनं त्यांचा एक डोळा पुरता गेला होता आणि दुसऱ्यानं पडद्याआडून पाहावं तसं दिसायचं. स्पर्धेचं कळल्यावर त्यांनी दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तेव्हा ओट्यावर वाट बघत बसलेले.

“पोरी, तू शाळेत चित्रकला शिकवतीस न्हवं?”

“हो अण्णा.”

“मग माझी गाडी रंगव. हैबतीचं नाव कुठंतरी लागलं पायजे.”

हैबती कुदळे हा त्यांच्या रणगाड्यावरचा लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारा. साहेब, गनर फुंदे, हैबती आणि अण्णा, असे ते चौघे. लढाई थांबल्यानंतर तिसऱ्या दिवशी हैबती सुरुंगावर पाय पडून गेला. त्याच्या गावानं वेशीत लढाईतल्या जवानांच्या नावांचा दगड उभारला, तेव्हा त्यावर त्याचं नाव घातलं नाही. का, तर लढाई संपल्यावर मेला तो लढाईत मेला नाही! अण्णा त्या गावात तीनदा जाऊन भांडून आले होते. तिसऱ्या वेळी तर त्यांना कुणी चहासुद्धा विचारला नाही. त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं स्पर्धा गेली खड्ड्यात, त्यांना पाहिजे होती ती पितळी पट्टी.

आमच्या ह्यांनी पुण्याहून किट आणून दिलं आणि हात झटकले. तुकडे जोडून मी त्यावर हिरवा रंग चढवला. मला वाटलं झालं काम. अण्णांनी गाडी नाकाजवळ धरली, तिरकी केली आणि परत ठेवली.

“ही शोरूममधली गाडी हाय. आमची अशी नव्हती.”

खरं काम तिथून सुरू झालं. नवा रणगाडा कुणीही रंगवील, त्याला राबलेला करायचा म्हणजे कस लागतो. मी आपली पुस्तकात बघून जागोजागी गंज काढायला बसले, तर अण्णा खवळले. “गंज? गंज येऊ दिला असता तर साहेबानं आम्हालाच घासून काढलं असतं! सायलेन्सर तेवढा गंजतो, तापतो म्हणून. बाकी कुठं गंज दिसला तर बोट मोडीन तुझं.” रंग कुठं झिजतो तेही त्यांनीच सांगितलं. माणूस रोज एकाच जागी पाय ठेवून वर चढतो, म्हणून तेवढीच जागा झिजते. मी स्पंजाचा कपचा चिमटीत धरून तेवढ्याच जागी टिपलं. पेट्रोलच्या झाकणाभोवती सांडून सांडून रंग काळपट होतो, तो केला. साखळपट्ट्यांच्या कडा जमिनीवर घासून चकाकतात, तिथं पेन्सिलीचं शिसं चोळलं.

धुळीवरून तर आमचं चार दिवस बिनसलं. मी परसातली माती वस्त्रगाळ करून लावली. अण्णांनी ती बोटांवर घेऊन चोळली. “ही आपली काळी. तिकडची पिवळट असती, ज्वारीच्या पिठात हळद पडल्यागत.” मग मी खडूची भुकटी आणि पिवळी माती मिसळत बसले. सातव्या वेळी त्यांनी मान हलवली. मी माझ्या जन्मात इतकं मन लावून काही रंगवलं नव्हतं, हेही खरंच.

आणि शेवटच्या दिवशी तो लाल डाग.

“ड्रायव्हरच्या झाकणावर लाल लाव. थोडं केशरी मिसळ. आगकाडीच्या टोकानं जरासं पुस.”

“कशाचा डाग आहे हा, अण्णा?”

“लाव म्हटलं तर लाव.”

“अहो, पण कशाचा ते कळलं तर नीट दाखवता येईल.”

“तुला काय करायचंय?” असं म्हणून ते उठून आत गेले. अण्णा माझ्याशी असं कधी बोलत नसत. मी डाग लावला आणि विषय सोडला. तेव्हाच नेट लावून विचारायला हवं होतं.

तर असं सगळं घेऊन मी स्पर्धा भरली होती त्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये उभी होते आणि खासनीस मला डाग काढायला सांगत होते. हे खासनीस पुण्याच्या मंडळाचे अध्यक्ष. घरी दोनशे रणगाडे आहेत असं सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं. खऱ्या रणगाड्यात एकदाही बसले नव्हते. मात्र माणूस उद्धट नव्हता, गोड होता, आणि म्हणूनच मी फसले. उद्धट असता तर तिथंच दोन शब्द सुनावले असते.

अण्णा बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. त्यांना जाऊन विचारायचं? मी दारापर्यंत गेले. ते रिसालदार डमाळ्यांशी बोलत होते. डमाळे भवनाचे अध्यक्ष, अण्णांचे जुने सोबती. अण्णांचं वाक्य माझ्या कानावर पडलं, “पट्टीवर त्याचं नाव माझ्या आधी घाला, डमाळे. मी काय, जिवंत हाय.”

मी तशीच मागे फिरले. मनाशी म्हटलं, नाव लागणं महत्त्वाचं की एवढासा डाग? विचारलं तर अण्णा हट्टाला पेटतील, नंबर जाईल, आणि पट्टीबरोबर हैबतीही जाईल. शिवाय त्यांना दिसणार थोडंच आहे? हो, हा विचार माझ्या मनात आला. आलेला मी लपवत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या अधू डोळ्यांच्या भरवशावर मी कानकाडीला थिनर लावलं आणि झाकणावरून फिरवलं. रंग पुरता सुकला नव्हता, चटकन निघाला. वर हिरव्याचा एक हात, त्यावर चिमूटभर धूळ. पाच मिनिटांचं काम. खासनिसांनी भिंगातून पाहिलं आणि माझी पाठच थोपटायची बाकी ठेवली.

“आता कसं ऑथेंटिक झालं!” ते म्हणाले.

तीन वाजता डमाळ्यांनी माइक हातात घेतला. पहिला क्रमांक, दफेदार ठोंबरे आणि कालिंदी ठोंबरे. टाळ्या झाल्या. मी अण्णांना हाताला धरून स्टेजवर नेलं. टेबलावर गाडी ठेवलेली होती. अण्णांनी तिच्यावर अगदी वाकून पाहिलं, डोळा बारीक केला, पुन्हा वाकले. मग डमाळ्यांना हळूच विचारलं,

“डमाळे, झाकणावर लाल दिसतंय न्हवं? मला नीट कळंना.”

“लाल?” डमाळे वाकले. “नाही बुवा. हिरवंगार आहे की.”

माइक त्यांच्या हातातच होता आणि चालू होता. सगळ्या हॉलनं ते ऐकलं. अण्णा माझ्या बाजूला वळले.

“पुसलंस?”

“हो अण्णा. परीक्षकांनी सांगितलं म्हणून...”

“हात कुणाचा?”

“माझा.”

ते टेबलाची कड धरून उभे राहिले. खासनीस लगबगीनं पुढे आले. “आजोबा, मीच सांगितलं ताईंना. तो प्रायमर चुकीचा होता. त्या काळात या गाडीला लाल प्रायमर...”

“प्रायमर?” अण्णा म्हणाले. “शेंदूर व्हता तो.”

हॉलमध्ये मागे कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, तेही थांबलं.

“हैबतीनं घरनं पुडी आणलेली. मारुतीचा शेंदूर. गोडं तेल कुठलं आणणार तिथं? गाडीच्याच तेलात खलायचा आन् रोज सकाळी अंगठ्यानं माझ्या झाकणाला लावायचा. माझ्या! सोताच्या झाकणाला एकदाबी लावला न्हाय. मी म्हणायचो, आरं, तुझ्या डोक्यावरबी झाकण हाय की. तर म्हणायचा, भागुजी, गाडी तू चालवतोस. तू राहिलास तर आम्ही राहू.” अण्णा थांबले. धाप लागली होती त्यांना. “लढाई थांबली. तिसऱ्या दिवशी गाड्या मागं घेत व्हतो. धुकं असं की हात दिसंना. मला रस्ता कळंना म्हणून हैबती खाली उतरला. गाडीच्या म्होरं चालत व्हता, मला हातानं दाखवत, इकडं ये, तिकडं ये. मी झाकणातनं मुंडी बाहेर काढून त्याच्या पाठीकडं बघत गाडी आणत व्हतो. सुरुंग माणसासाठी पुरलेला व्हता. गाडीला काय सुदीक झालं न्हाय.”

दोन महिने मी त्या माणसाशेजारी बसून धुळीचा रंग जुळवत होते. यातलं एक अक्षर ते बोलले नव्हते. आता शंभर लोकांसमोर त्यांना ते बोलावं लागलं, माझ्यामुळे.

खासनिसांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हा माणूस दोन बरे शब्द बोलेल. बोललेही.

“आजोबा, फार हृद्य आहे हे. आधी सांगितलं असतंत तर विचार करता आला असता. पण स्पर्धेला काही नियम असतात, पुरावा लागतो. त्या झाकणाचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे?”

“फोटो न्हाय,” अण्णा म्हणाले. “मी हाय.”

“तसं नव्हे, पण आठवणीवर गुण नाही देता येत. उद्या कुणीही काहीही सांगेल. माझं ऐका, आहे तशी राहू द्या. पहिला नंबर तुमचाच आहे, नावं लागतायत. तो डाग परत लावलात तर मला दुसऱ्या नंबरचा विचार करावा लागेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीही काहीही सांगेल? ज्या पाठीकडं बघत अण्णांनी गाडी हाकली, ती पाठ त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, आणि हे घरात कपाट लावून दोनशे खेळणी बाळगणारे गृहस्थ त्यांच्याकडे फोटो मागत होते!

“खासनीस,” मी म्हटलं, “तुमच्या पुस्तकात प्रायमर आहे. या चौघांतला एक माणूस तुमच्यासमोर उभा आहे. त्याला तुम्ही कुणीही म्हणता?”

“ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. आणि डाग तुम्हीच पुसलात ना? मी काही हात धरून पुसून घेतला नाही.”

त्या दिवशी खासनीस जेवढं बोलले त्यात तेवढंच एक वाक्य खरं होतं, आणि म्हणून ते अजून सलतं. त्यांनी निदान पुरावा तरी मागितला. मी घरात, रोज शेजारी बसून, धड एक प्रश्न लावून धरला नाही आणि पुसून मोकळी झाले.

डमाळ्यांनी एव्हाना माइक बंद केला होता. ते अण्णांच्या कानाशी लागले. “ठोंबरे, ऐक माझं. राहू दे की. तुला नाव लावायचं होतं, ते लागतंय. त्याच्या गावानं नाही लावलं, आपण लावतोय. डागासाठी कशाला घालवतोस? ते तुला-मला माहीत आहे, बास झालं.”

मला अण्णांच्या मनातली ओढाताण दिसत होती. तीन वेळा परगावी जाऊन भांडलेला माणूस. जे पाहिजे होतं ते समोर, हात लांब केला की मिळणार. त्यांचा हात खरंच पुढे गेला, गाडीच्या तोंडाशी टेकला आणि बोटं झाकण चाचपडू लागली.

“नाव लागंल, डमाळे,” ते शेवटी म्हणाले. “आन् गाडी कुणाची लागंल? ह्याच्यात त्यो कुठाय?”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, लाल हाय का पेटीत?”

माझी रंगांची पेटी स्टेजच्या कडेलाच होती. मी लाल काढला, केशरी मिसळला, बशीत खलला. आगकाडी शोधली आणि रंगात बुडवून त्यांच्यासमोर धरली.

“अण्णा, मी लावते. तुम्ही फक्त जागा सांगा.”

“तू नको.”

एवढंच म्हणाले. आवाजही चढवला नाही. मी आगकाडी खाली ठेवली आणि बशी त्यांच्या हाताशी सरकवली.

त्यांनी बशीत अंगठा बुडवला. डाव्या हातानं गाडीचं तोंड चाचपडलं, बोटांना आधी दिवा लागला, त्याच्यावरून झाकण लागलं. आणि तिथं उजवा अंगठा टेकवून वरच्या बाजूला ओढला, कपाळाला टिळा लावतात तसा. अंगठा उचलला तेव्हा झाकण दिसत नव्हतं. दिवा दिसत नव्हता. दोन महिने जुळवलेली धूळ, टिपलेले ओरखडे, गाडीचं पुढचं सगळं तोंड लालभडक झालं होतं. रंग ओघळून साखळपट्टीवर उतरत होता.

डमाळ्यांनी टोपी काढून हातात घेतली. खासनीस मात्र दोन पावलं पुढे आले. भिंग त्यांच्या हातातच होतं, पण आता त्याची गरज नव्हती.

“अहो आजोबा, काय केलंत हे!” ते कळवळून म्हणाले, आणि तो कळवळा खरा होता. “सगळं स्केल गेलं की! पस्तीस पट लहान गाडी आणि त्यावर एवढा मोठा डाग?”

अण्णांनी लाल अंगठा त्यांच्यासमोर धरला.

“हैबतीचा अंगठा येवढाच व्हता,” ते म्हणाले.